पान चारशे बारा

निकालाचा कच्चा मसुदा गुरुवारी सकाळी पावणेअकराला आला, आणि त्यात ज्युडिथ ट्रेवेना जिंकली होती. मसुदा आला की आधी शेवटचं पान उघडायचं, ही वकिलांची जुनी खोड. सगळे करतात आणि कोणी कबूल करत नाही. 'अपील मंजूर. दंड रद्द.' एवढं वाचून तिने चहाचा कप उचलला. चहा गार झाला होता, तरी प्यायली. सोबतच्या पत्रात नेहमीचंच होतं: मसुदा गुप्त आहे, फक्त दोन्ही बाजूंच्या वकिलांसाठी आहे, निकाल जाहीर होईपर्यंत बाहेर ब्र काढाल तर न्यायालयाचा अवमान होईल, टायपातल्या चुका आणि इतर उघड दोष असतील तर सोमवारी दुपारी चारपर्यंत कळवावेत. एकतीस वर्षांत असे मसुदे तिने शेकड्याने पाहिले होते. जिंकलेला स्वल्पविराम शोधतो आणि हरलेला आभाळ शोधतो, असं तिला वकिली शिकवणारे ऑब्री क्विल्टर म्हणायचे. तिने पेन्सिलीला टोक केलं आणि स्वल्पविराम शोधायला बसली. खाली मंदिरासारख्या शांत चौकात माळी कात्रीने कुंपण छाटत होता. त्या कात्रीच्या तालावर तिची पेन्सिल चालत होती. सत्तेचाळिसाव्या परिच्छेदात 'मीठ' दोनदा पडलं होतं. एकसष्टाव्यात तिचे अशील लीथम यांच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं. अठ्ठ्याऐंशीव्यात चूक नव्हती. वाक्यं स्वच्छ होती. 'मार्चच्या बैठकीतून श्री. लीथम अकरा वाजून वीस मिनिटांनी निघून गेले, हे हॉटेलच्या वाहनतळाच्या पावतीवरून दिसते (पान ४१२). मिस ट्रेवेना यांनी ही पावती आमच्या निदर्शनास आणली, आणि तिला कोणी हरकत घेतली नाही. आमच्या मते सारे प्रकरण या पावतीवर उभे आहे.' पेन्सिल थांबली. मांडीवर कोणीतरी ओला हात ठेवावा तसं काहीतरी झालं.

आकड्यामुळे झालं ते. चारशे बारा हा आकडा तिने न्यायाधीशांचा म्हणून नव्हे, ऑब्रींच्या अक्षरात पाहिला होता: तिरका चार, एकाला टोपी, दोनाची शेपूट लांब. पिवळी चिठ्ठी, सुनावणीचा शेवटचा दिवस, दुपारचे सव्वातीन. आणि त्याच दिवशी सकाळी कोर्टातल्या कागदपत्रांच्या गठ्ठ्याचे पाननंबर बदलले होते.

ती उठली आणि फळीवरून तिसरी फाइल काढली. खटला मिठाचा होता. इंग्लंडातल्या चेशरमध्ये जमिनीखालून मीठ काढायचं आणि हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर पसरायला नगरपालिकांना विकायचं, हा तीन कंपन्यांचा धंदा. त्या तिघांनी मिळून नगरपालिका वाटून घेतल्या, तुझी ही, माझी ती, म्हणून सरकारी खात्याने तिघांना दंड ठोकला होता. दोन बैठका, दोन्ही एकाच हॉटेलात, एक मार्चमध्ये आणि एक सप्टेंबरमध्ये. दोघांनी निमूट कबूल केलं. तिसरा सिरिल लीथम. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, आजोबांची खाण, त्रेसष्ट कामगार. त्याचं म्हणणं इतकंच, की त्यातल्या एका बैठकीत वाटणीची भाषा सुरू झाली तेव्हा तो उभा राहिला, 'हे मला चालायचं नाही' असं सगळ्यांदेखत म्हणाला, टोपी घेतली आणि निघाला. या कायद्यात ते फार महत्त्वाचं. अशा बैठकीत जो बसला आणि गप्प राहिला तो सामील. त्याने मनात काहीही म्हटलेलं असो. अंग काढून घ्यायचं तर ते मोठ्याने काढावं लागतं. लीथमांनी काढलं होतं, हे समोरच्यांनीही शेवटी मानलं. प्रश्न उरला तो कधी एवढाच. नगरपालिका मिठाची खरेदी उन्हाळ्यात ठरवतात. मार्चमध्ये उठून गेला असेल तर लीथम धुतल्या तांदळासारखा. सप्टेंबरमध्ये उठला असेल तर अख्खा उन्हाळा तो त्यांच्यात होता, दंड कायम, आणि तो दंड भरून खाण चालणं शक्य नव्हतं. शेवटच्या दुपारी न्यायाधीश हॅलिवेल यांनी चष्मा काढून विचारलं होतं, मार्चला ते किती वाजता निघाले याचा काही कागद आहे का. मागून, खांद्यावरून, पिवळी चिठ्ठी आली. 'मार्च पावती. ४१२.' तिने चारशे बारावं पान उघडलं. फिकट पडलेली पावती, तारखेचा भाग जवळजवळ उडालेला, वेळ मात्र ठळक: अकरा वीस. तिने तसं सांगितलं. समोरच्या बाजूने पानं चाळल्याचा आवाज आला, अकरा वीस त्यांनाही दिसलं, ते गप्प बसले. बैठक साडेबाराला संपली होती. झालं.

आता तिने अनुक्रमणिका काढली आणि ओळीवर पट्टी ठेवली. चारशे आठ: वाहनतळ पावती, मार्च. चारशे बारा: वाहनतळ पावती, सप्टेंबर. त्या सकाळी दोनदा लागलेली चार पानं काढून टाकली होती आणि पुढचं सगळं चार घरं मागे सरकलं होतं. ऑब्रींनी जुन्या गठ्ठ्यावरून आकडा लिहिला. तिने नव्या गठ्ठ्यावरून वेळ वाचली. दोघांच्या हातात आपापलं खरं होतं. तिने चारशे आठ उघडलं. एक पस्तीस. लीथम मार्चमध्ये बैठक संपल्यावर तासाभराने गेला होता.

काय करायचं यात शंका नव्हती, हेच त्यातलं चमत्कारिक. शंका असती तर ती तासभर येरझारा घालू शकली असती. न्यायालयाची आपल्या तोंडून दिशाभूल झाली असं कळलं की सांगायचं. अशिलाचं नुकसान होवो, आपलं होवो. कागद गठ्ठ्यात आहे, सगळ्यांसमोर आहे, गुपित काही नाही. नियम एका ओळीचा आहे आणि ती तो दरवर्षी नव्या वकिलांना शिकवायची, वर एक विनोदही करायची. तरी ती उठली नाही. तिने पुढचे परिच्छेद वाचले, आणि शहाण्णवाव्यात एक स्वल्पविराम सापडला तेव्हा तो खूण करून ठेवला. हात आपलं काम करत होते. कोणाला कळणार होतं? समोरच्यांना सुनावणीनंतरच्या चौदा आठवड्यांत कळलं नव्हतं. न्यायाधीशांना कळलं नव्हतं. पावतीची तारीख तर उडालेलीच. ती हे लबाडीने नव्हे, जरा नवलाने मनाशी म्हणत होती, घराचं दार रात्रभर उघडंच राहिलं होतं असं सकाळी लक्षात यावं तसं.

तिची आई पेन्झन्सच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कानावर पट्टा, समोर भोकांची भिंत, आणि गावातली प्रत्येक भानगड त्या पट्ट्यातून जाणारी. कोणाचा मुलगा बोटीवरून परत आला नाही हे त्याच्या बापाआधी आईला कळायचं, आणि ती दोर खुपसून फक्त म्हणायची, बोला, लाइन जोडली आहे. संध्याकाळी घरी येऊन बटाटे सोलायची. मिस्टर पॉलग्लेझ दारावरून शीळ घालत जायचे आणि आईची सुरी क्षणभर थांबायची. ज्युडिथला कळायचं की मिस्टर पॉलग्लेझांच्या घरात काहीतरी होणार आहे आणि आईला ते ठाऊक आहे. विचारायची सोय नव्हती. ज्युडिथने धंदा निवडला तेव्हा आपण आईपासून फार लांब चाललो असं तिला वाटलं होतं. मग कळलं, तोच पट्टा. प्रतिस्पर्धी कंपन्यांचे आकडे वकिलाला दिसतात, ते अशिलाला सांगायचे नाहीत. मसुदा आला तर नवऱ्याला सांगायचं नाही. नवऱ्याने विचारायचं केव्हाच सोडलं होतं; तो आता ती कपाट किती जोरात लावते त्यावरून ओळखायचा. आणि हे सगळं ती नीट करत आली होती. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात तिने पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा ऑब्रींनी बजावलं होतं, हळू बोल, काचेमागे अकरा दुभाषे बसलेत. ती हळू बोलली आणि मध्येच एक विनोद केला. आधी कोणीच हसलं नाही. मग आयरिश न्यायाधीश हसले, मग डॅनिश, आणि ती पुढच्या मुद्द्यावर पोचल्यावर ग्रीक न्यायाधीश एकटेच खो-खो हसले. त्या हप्त्याहप्त्याने येणाऱ्या हसण्याइतकं काही तिला पुढे कधी आवडलं नाही. देश युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून ते न्यायालय आपलं नव्हतं. वीस वर्षं पाठ केलेला कायदा एका सकाळी परका झाला होता, आणि दारावरचे मुख्य कारकून लेन फॉक्सली तिच्या पुस्तकांच्या कपाटाला 'मिसचं माहेर' म्हणायचे.

ऑब्रींची खोली चौथ्या मजल्यावर, छपराला लागून. रेशमी झगा मिळालेला वकील पुढच्या बाकावर बसतो, न मिळालेला मागे. मागे बसणारा तो ज्युनियर, मग तो सत्तरीचा का असेना. ऑब्रींनी झग्यासाठी कधी अर्जच केला नाही. ते चौसष्ट वर्षांचे होते, ज्युडिथने पहिलं वर्ष त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून काढलं होतं, आणि गेली बारा वर्षं ते तिचे ज्युनियर होते. लोकांना यात गंमत वाटायची. त्यांना दोघांना सोयीचं वाटायचं. ती दार ढकलून आत गेली तेव्हा ते ओटच्या बिस्किटावर चीजचा तुकडा बसवत होते, मोठ्या काळजीने, कडा जुळवून.

"स्वल्पविराम किती सापडले?" त्यांनी न बघता विचारलं.

"तीन. आणि अठ्ठ्याऐंशी."

त्यांनी बिस्किट खाली ठेवलं. खाल्लं नाही. तिला तेवढ्यावरून कळलं. आईची सुरी थांबायची तसंच होतं ते. चूक सापडल्याचा धक्का त्या चेहऱ्यावर नव्हता. तिथे फक्त थकवा होता, खूप वेळ पाहुणे बसून राहिलेल्या घरातल्यासारखा.

"कधी कळलं तुम्हाला?"

"त्याच संध्याकाळी. घरी जाताना गाडीत. जुना गठ्ठा पिशवीत होता, नवा कोर्टात." त्यांनी बिस्किट पुन्हा सरळ केलं. "वाटलं, सकाळी सांगू. सकाळी वाटलं, न्यायाधीश त्या पावतीला हातही लावणार नाहीत, इतर दहा मुद्दे आहेत. मग कशाला? आता ते लक्झेंबर्गचं सुनावू नकोस, गप्प बसला तो सामील वगैरे. ते मलाच पाठ आहे, मीच तुला शिकवलं."

ती काहीच सुनावणार नव्हती. तिच्या डोळ्यांसमोर तीस वर्षांपूर्वीचे ऑब्री होते, तिने लिहिलेल्या टिपणातलं एक वाक्य लाल पेन्सिलीने खोडणारे, 'हे खरं असेल, पण तुला माहीत आहे का?' असं विचारणारे. मधल्या चौदा आठवड्यांत त्यांनी दोनदा एकत्र जेवण केलं होतं. एकदा ते तिच्या आईच्या अंत्यविधीला पेन्झन्सपर्यंत आले होते, गाडीने सहा तास, आणि परतीच्या वाटेवर दोघं बराच वेळ न बोलता बसले होते. ती शांतता तिला तेव्हा माया वाटली होती. आता तिच्यात आणखी काय होतं ते तिला मोजता येईना.

"एक सांगतो," ऑब्री म्हणाले. "गप्प बसायचं हे एकदा ठरवून भागत नाही गं. रोज सकाळी नव्याने बसावं लागतं. मला वाटलं होतं, सोपं असेल."

"पत्र मी आज पाठवते."

"माझं नाव घाल त्यात. चिठ्ठी माझी."

"कोर्टात बोलले मी."

"ज्युनियरवर ढकलायचं नाही, हे मी तुला सांगितलं तेव्हा ज्युनियर म्हणजे पंचविशीतली पोरं होती. मला कसला सांभाळतेस?"

"ज्युनियर तो ज्युनियर," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा कोरडा निघाला. "पाहिलं मी, ऑब्री. पान माझ्या समोर होतं, अनुक्रमणिका माझ्या समोर होती. तुम्ही आकडा दिलात आणि मी तपासला नाही, कारण तुम्ही दिलात."

ते हसले, पण ते हसणं अर्ध्यावरच राहिलं. चौदा आठवड्यांचं जे आहे ते मी स्वतः लिहीन, वकिलांच्या मंडळाला, ते म्हणाले. ते तुझं काम नाही. तिने मान डोलावली. ते लिहितील की नाही हे तिला सांगता येईना, आणि ज्याच्याबद्दल हे सांगता येत नाही असा माणूस ऑब्री असावा याचंच तिला जिने उतरताना जास्त लागलं.

पत्र चार ओळींचं झालं. 'मी न्यायाधिकरणाला सांगितले की पान ४१२ वरील पावती मार्चची आहे. ती सप्टेंबरची आहे. मार्चची पावती पान ४०८ वर असून तिच्यावरील वेळ दुपारची १.३५ आहे. चूक माझी आहे आणि तिचा परिच्छेद ८८ वर परिणाम होतो.' तिने 'दिलगीर' घातलं, काढलं, पुन्हा घातलं. लीथमांचं प्रकरण तिच्याकडे आणणाऱ्या सॉलिसिटर बाईंना फोन केला. त्यांनी चारही ओळी दोनदा वाचायला लावल्या, मग म्हणाल्या, पाठवा. पत्र गेलं तेव्हा पावणेतीन झाले होते. बाहेर जाताना लेननी रजिस्टरावरून मान वर केली. मसुदा आल्याचं त्यांना ठाऊक होतं, आतलं ठाऊक असायचं कारण नव्हतं.

"विचारत नाही मी, मिस," ते म्हणाले.

"विचारू नकाच, लेन."

"तोंड बघूनच कळतं. असू दे. सगळेच खटले जिंकले तर आम्ही कारकुनांनी कोणाची समजूत काढायची?"

ती जिंकलेली होती, पत्र वाचलं जाईपर्यंत तरी. तिने त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि नदीकडे चालू लागली. ओहोटी होती. चिखलात एक खुर्ची रुतली होती, साधी ऑफिसातली, चाकांची, आणि तिच्या पाठीवर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता. तिला एकदम भूक लागली. तिने उभ्याउभ्या एक अंड्याचं सँडविच खाल्लं आणि मग कळलं की आपल्याला भीती वाटत नाहीये. वाटत होतं ते दुसरंच काहीतरी, दात काढल्यावर जीभ पुन्हा पुन्हा त्या जागी जाते तसं. त्रेसष्ट माणसं. लीथमने पहिल्या भेटीला सगळ्यांसाठी खाणीतल्या मिठाचे गुलाबी खडे आणले होते, रुमालात बांधून; तिचा अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत होता. तो माणूस खोटं बोलला नव्हता. साक्षीत त्याला विचारलं गेलं ते तू उठलास का, काय म्हणालास, कोणी ऐकलं. महिना त्याला कोणी विचारलाच नाही. समोरच्यांनी विचारला नाही कारण त्यांचा भर तो उठलाच नाही यावर होता. आणि तिने विचारला नाही, कारण... ती पुलाच्या कठड्याशी थांबली. कारण उत्तर काय येईल ते माहीत नसेल तर प्रश्न विचारायचा नाही, हाही नियमच होता. तोही ऑब्रींचाच. चांगला नियम होता. तिने त्यावर तीस वर्षं काढली होती.

सोमवारी अकराला न्यायाधिकरणाचं उत्तर आलं. मसुदा मागे घेतला आहे, एका मुद्द्यावर पुन्हा सुनावणी होईल, पक्षकारांना आता सांगण्यास हरकत नाही. मिस ट्रेवेना यांचे त्यांच्या पत्राबद्दल आभार. त्या आभारांकडे ती बराच वेळ बघत राहिली. वकील अशिलाला परभारे फोन करत नाही, ते सॉलिसिटरचं काम. तिने सॉलिसिटर बाईंना सांगितलं की लाइनवर तुम्ही राहा, बोलते मी. चेशरला फोन बराच वेळ वाजला. मागे यंत्रांची घरघर होती. तिने सगळं सांगितलं, क्रमाने, न सजवता: आपण जिंकलो होतो, कशावर जिंकलो होतो, ते कसं चुकलं, चूक कोणाची.

"मग खाण गेली म्हणायची?" लीथमांनी विचारलं.

"बहुतेक. पुन्हा सुनावणी आहे. दंड कमी व्हावा म्हणून भांडता येईल. पण तुम्ही दुसरा वकील घ्यावा, असं मी सुचवेन. तो तुमचा हक्क आहे."

"दुसरा कोण ओळखीचा आहे?" मग थोडं थांबून: "मार्चमध्ये मी जेवलो होतो, मिस."

"काय म्हणालात?"

"जेवलो होतो. भाजलेलं डुकराचं मांस होतं, सफरचंदाची चटणी. सालीचा कडक भाग मी शेजाऱ्याच्या ताटातला पण खाल्ला. तुम्हाला सांगितलं होतं की पहिल्या भेटीत. तुम्ही लिहून घेतलंत."

तिने डोळे मिटले. निळ्या वहीत कुठेतरी ते असणार होतं, तिच्याच अक्षरात. लिहिताना ती ऐकत होती ते पुढच्या प्रश्नाकडे.

"मग बोलला का नाहीत? इतके दिवस?"

"बोलणार होतो," लीथम म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसती कुणाचीतरी गंमत सांगावी तसा होता. "पण शेवटच्या दिवशी तुम्ही उभ्या राहिलात, आणि सांगितलंत, सिरिल लीथम मार्चच्या त्या सकाळी उठला, अकरा वीसला गाडीत बसला आणि निघाला. मी मागे बसून ऐकत होतो. इतकं नीट सांगितलंत की मला तो माणूस दिसला. टोपीसकट. मला वाटलं, अरे, असंच असणार, मीच घोळ घालतोय, वय झालं. ह्या बाई एवढ्या शिकलेल्या, कागद बघून बोलतायत. घरी जाऊन बायकोला सांगितलं, अगं, मी जेवलो नव्हतोच म्हणे. ती म्हणाली, मग बरंच झालं की."

लाइनवर सॉलिसिटर बाई खोकल्या. ज्युडिथच्या हातात पेन्सिल होती, टोक केलेली, आणि समोर कोरा कागद. तिने पेन्सिल टेबलाच्या पार पलीकडच्या कडेला ठेवली.

"मिस्टर लीथम," ती म्हणाली, "मार्चची ती बैठक मला सांगाल? पहिल्यापासून?"

"सगळी? त्यात काय आहे तुमच्या कामाचं?"

"माहीत नाही मला."

पलीकडे यंत्रांची घरघर बंद झाली; कोणीतरी दार लावलं असावं. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग लीथम बोलू लागले. आदल्या रात्री बर्फ पडला होता, ते म्हणाले, आणि एवढे तीन-तीन मीठवाले येणार होते तरी हॉटेलवाल्याने दारातल्या पायऱ्यांवर चिमूटभर मीठ टाकलं नव्हतं. एक जण पाय घसरून चांगला आपटला, आणि त्याला हात देऊन उठवण्यातच त्या दिवसाची सगळ्यांची पहिली ओळख झाली.